१४१ नंतरची वाटचाल

संस्थेच्या वाटचालीचा लेख स्थापनेच्या वर्षापासून सुरू करायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ज्या शाळेत शिकवलं तिच्या सुवर्णमहोत्सवी अंकात मीही तसाच लिहिला होता: साल, जागा, पहिल्या वर्षीची पटसंख्या, पहिले मुख्याध्यापक. टेनिसपटू आंद्रे अगासीच्या संस्थेबद्दल त्या पद्धतीने लिहायचं तर १९९४ पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी लास व्हेगासमध्ये त्याचं धर्मादाय प्रतिष्ठान स्थापन झालं. पण इतकी वर्षं त्याचा खेळ आणि त्याचं काम दोन्ही मनापासून पाहिल्यावर मला वाटतं, या संस्थेचा खरा पाया १९९७ च्या नोव्हेंबरात पडला. तेव्हा संस्थापक जागतिक क्रमवारीत १४१ वा होता.

त्या महिन्यात नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगासमधल्या कोर्टांवर एक चॅलेंजर स्पर्धा होती. चॅलेंजर म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या खालची पायरी. चढू पाहणारी पोरं तिथे खेळतात, नाहीतर घसरलेली माणसं. गुणफलक हाताने बदलायचा आणि प्रेक्षक मोजके. १९९२ चा विम्बल्डन विजेता, १९९४ चा अमेरिकन विजेता, १९९५ चा ऑस्ट्रेलियन विजेता, अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला तिथे, स्वतःच्या गावात, गाववाल्यांच्या डोळ्यांदेखत उतरला आणि अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टियन व्हिंककडून हरला. पुढच्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या बरबँकला तशीच स्पर्धा होती. तिथे तो जिंकला. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात यातलं काहीच आलं नाही. त्या वर्षी त्याची बातमी शोधायची म्हणजे क्रीडापानाच्या तळाशी बारीक टाइपात असलेले निकाल बोट फिरवत वाचायचे, आणि बहुतेक दिवस बोट रिकामंच परत यायचं. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, तिन्हीकडे तो खेळलाच नव्हता. अख्ख्या वर्षात २४ सामने. १२ जिंकले, १२ हरले.

चाहत्याला पराभव सोसतो. माणूस दिसेनासा झाला की मात्र काय करावं ते कळत नाही.

आमच्या घरात तो आला विम्बल्डनमधून. टेनिस म्हणजे विम्बल्डन आणि विम्बल्डन म्हणजे जुलैतल्या रविवारी दूरदर्शनवर दिसणारा अंतिम सामना, एवढीच आमची ओळख. १९९२ च्या ५ जुलैला मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, कराडच्या घरात तो सामना बघत बसलो होतो. समोर गोरान इव्हानिसेविच, त्याची डावखुरी सर्व्हिस येताना दिसायचीही नाही. अगासी मागे न हटता रेषेवरच उभा. चेंडू टप्पा घेऊन वर उसळत असतानाच तो मारायचा, पूर्ण वर येऊ द्यायचाच नाही. अण्णांना टेनिस फार कळत नसे, कुस्ती कळत असे. ते म्हणाले, "हा समोरच्याला डाव बांधूच देत नाही." पाच सेट चालला सामना. ६-७, ६-४, ६-४, १-६, ६-४. जिंकल्यावर तो हिरवळीवर पडून रडला आणि त्या दिवसापासून तो आमचा झाला.

रेषेवर उभं राहून चेंडू असा लवकर मारण्याचं कौशल्य कुठून आलं, हे पुढे कळलं तेव्हा त्याच्या खेळातल्या आनंदाबद्दलचा माझा सगळा समज बदलला. त्याचे वडील इमॅन्युएल अगासी इराणमधून अमेरिकेत आले, लास व्हेगासच्या कॅसिनोंमध्ये नोकरी केली आणि घरामागे स्वतः टेनिस कोर्ट बांधलं. चेंडू फेकणाऱ्या यंत्रात त्यांनी फेरफार केले. धाकट्या मुलाने त्या यंत्राला ड्रॅगन म्हणायचं आणि त्याच्यासमोर रोज २५०० चेंडू मारायचे. तेराव्या वर्षी त्याला फ्लोरिडात निक बोलेटिएरी यांच्या अकादमीत पाठवलं. नववीनंतर शाळा सुटली. सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला. टेनिस त्याने निवडलं नव्हतं, आणि आपल्याला टेनिसचा तिटकारा होता हे त्याने पुढे स्वतःच लिहिलं. म्हणून त्याच्या घसरणीची कारणं मोजताना मनगटाची दुखापत आणि मोडत चाललेलं पहिलं लग्न एवढ्यावर थांबता येत नाही. शिखरावर पोचल्यावर त्याला तिथे राहण्याचं कारण सापडत नव्हतं. १९९५ च्या एप्रिलमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. त्या उन्हाळ्यात सलग २६ सामने जिंकून अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत आला आणि पीट सॅम्प्रसकडून हरला. तिथून उतार लागला. १९९६ ला विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत डग फ्लॅककडून गेला. फ्लॅक तेव्हा क्रमवारीत २८१ वा होता.

त्या उतारात अटलांटाचं सुवर्णपदक आलं, आणि त्या पदकाने आमच्या घरात पंचाईत केली. उपान्त्य सामन्यात अगासीच्या समोर होता आपला लिअँडर पेस, मूळचा गोव्याच्या घराण्यातला. पेस ७-६, ६-३ असा हरला. पहिल्या सेटमध्ये मी कोणाच्या बाजूने होते हे आजही नीट सांगता येणार नाही. दुसऱ्या सेटमध्ये मात्र पेसच्या. मग पेसने ब्राँझ जिंकलं आणि सगळ्या पेपरांत खाशाबा जाधवांचं नाव आलं, कारण खाशाबांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या ब्राँझनंतर ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक मिळालं होतं. अण्णा तेव्हा दिवसभर बोलत होते. खाशाबा गोळेश्वरचे, म्हणजे कराडच्या अंगणातले. पदक घेऊन आले तेव्हाची बैलगाड्यांची मिरवणूक अण्णांनी दहाव्या वर्षी गर्दीतून वाट काढत पाहिली होती. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, ही गोष्ट तर त्यांनी आम्हाला लहानपणापासून शंभरदा सांगितलेली.

मग एका लेखात मी वाचलं की अगासीचे वडीलही ऑलिंपिकपटू. इराणचे मुष्टियोद्धे. १९४८ लंडन आणि १९५२ हेलसिंकी. खाशाबाही तेच, लंडन आणि हेलसिंकी. त्याच दोन ऑलिंपिकमध्ये एक जण कराडकडचा मल्ल, एक जण इराणी मुष्टियोद्धा. दोघं एकमेकांना कधी भेटले असतील असं म्हणायला काहीच आधार नाही. पण अण्णांना ते फार आवडलं. त्यानंतर ते अगासीला "हेलसिंकीवाल्याचा पोरगा" म्हणायला लागले.

वर येण्याच्या गोष्टीत दोन माणसं महत्त्वाची. पहिला प्रशिक्षक ब्रॅड गिल्बर्ट. १९९७ च्या शरदात श्टुटगार्टला हरल्यावर त्याने हॉटेलच्या खोलीत अगासीला सरळ सांगितलं: सोडून दे, नाहीतर पहिल्यापासून सुरू कर. दुसरा गिल रेयेस, नेवाडा विद्यापीठात खेळाडूंची ताकद वाढवणारा शिक्षक. लास व्हेगासच्या टेकड्यांवर पळण्याचा त्याचा व्यायाम म्हणजे आपल्या तालमीतल्या जोर-बैठकांसारखाच रोजचा, न चुकणारा. त्या दोघांच्या हाताखाली अगासीने १९९८ मध्ये पाच स्पर्धा जिंकल्या. सान होसेला अंतिम सामन्यात सॅम्प्रसला ६-२, ६-४ असं हरवलं आणि वर्ष संपताना तो सहावा होता. १४१ वरून ६ वर. पेपरातलं माझं बोट आता रिकामं परत येत नव्हतं.

पॅरिसचा तो रविवार, १९९९ ची ६ जून, मी सविस्तर सांगणार आहे. फ्रेंच स्पर्धा तेवढी त्याच्या हाताला लागली नव्हती. १९९० मध्ये तो अंतिम सामना आंद्रेस गोमेझकडून हरला, १९९१ मध्ये जिम कुरियरकडून. आता समोर आंद्रेई मेद्वेदेव, युक्रेनचा, क्रमवारीत १०० वा. सगळ्यांना वाटलं सोपं आहे. पहिला सेट १९ मिनिटांत १-६. दुसरा २-६. तांबड्या मातीवर अगासी कोणाचा तरी उसना खेळ खेळतोय असं वाटत होतं. मध्येच तिकडे पाऊस आला, आणि इकडे आमच्याकडे वळवाने केबल घालवली. अण्णा छत्री घेऊन केबलवाल्याच्या घरी गेले. पावसाच्या त्या खंडात गिल्बर्टने अगासीला ड्रेसिंग रूममध्ये धारेवर धरलं होतं, हे पुढे कळलं. आमच्याकडे चित्र परत आलं तेव्हा तिसरा सेट चालू होता.

४-४. अगासीची सर्व्हिस. त्याने त्या गेममध्ये दोन डबल फॉल्ट केले आणि मेद्वेदेवला ब्रेक पॉइंट मिळाला. तो गेला असता तर मेद्वेदेव ५-४ ने पुढे आणि सर्व्हिस त्याची. सामना संपल्यातच जमा. पहिली सर्व्हिस पुन्हा चुकली. दुसरी पडली, आणि अगासी, जो आयुष्यभर रेषेवरून खेळला, तो जाळीकडे धावला आणि व्हॉलीवर गुण घेतला. धाडस होतं की घाबरून पळणं होतं, कुणास ठाऊक. मला ते धाडसच वाटतं. तो गेम त्याने वाचवला, सेट ६-४ घेतला, मग ६-३, मग ६-४. चारही ग्रँड स्लॅम जिंकणारा तो टेनिसच्या इतिहासातला पाचवा पुरुष. फ्रेड पेरी, डॉन बज, रॉड लेव्हर, रॉय इमर्सन आणि हा. आदल्याच दिवशी त्याच कोर्टवर स्टेफी ग्राफने मार्टिना हिंगिसला हरवलं होतं. दोन वर्षांनी अगासी आणि स्टेफीचं लग्न झालं.

त्या सामन्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट मात्र मैदानाबाहेरची आहे. काही आठवड्यांपूर्वी मोंटे कार्लोला मेद्वेदेव टेनिस सोडायच्या विचारात निराश होऊन बसलेला अगासीला भेटला होता. अगासीने त्याला समजावलं, सोडू नकोस म्हणाला. १४१ वरून आलेला माणूस १०० वर अडकलेल्याला सांगत होता. आणि तोच मेद्वेदेव अंतिम फेरीत त्याच्यासमोर उभा राहिला.

आता त्याची शाळा. १९९४ पासून प्रतिष्ठान गरीब मुलांना शाळेचे कपडे देत होतं, निवाऱ्यांना, मुलांच्या क्लबांना मदत करत होतं. १९९५ पासून लास व्हेगासमध्ये दरवर्षी निधीसाठी मोठी मैफल व्हायची, एल्टन जॉन, रॉबिन विल्यम्स यांच्यासारखे कलावंत त्यासाठी येत. पण हे सगळं ठिगळं लावणं आहे, असं त्याला वाटू लागलं. कपडे दिले, पोर दोन वर्षांनी मोठं झालं, कपडे लहान झाले, पोर होतं तिथेच. न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाच्या मुलांच्या कॉलेजसाठी त्याने शेअर्स देऊन ठेवले होते, आणि त्या एका गोष्टीचं समाधान त्याला चषकांपेक्षा जास्त टिकलं, असं त्याने लिहिलं आहे. ज्याची शाळा नववीनंतर सुटली, त्याने बालपणीचा मित्र पेरी रॉजर्सच्या साथीने शाळा काढायचं ठरवलं.

जागा निवडली पश्चिम लास व्हेगासमधली. लास व्हेगास म्हटलं की आपल्याला झगमगती स्ट्रिप आठवते. पश्चिम लास व्हेगास ही कृष्णवर्णीयांची वस्ती. १९५० च्या दशकात स्ट्रिपवर गाणाऱ्या, नाचणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांना त्याच हॉटेलांत रात्री झोपायची परवानगी नव्हती. कार्यक्रम संपला की ते या वस्तीत मुक्कामाला यायचे. १९५५ मध्ये इथे मुलाँ रूज नावाचं हॉटेल उघडलं, गोरे आणि काळे दोघांनाही एकत्र घेणारं शहरातलं पहिलं हॉटेल-कॅसिनो. १९६० मध्ये त्याच हॉटेलात बैठक होऊन स्ट्रिपवरचा भेदभाव उठवण्याचा समझोता झाला. भेदभाव उठला, वस्ती गरीबच राहिली. शिक्षणावर खर्च करण्यात नेवाडा तळाच्या राज्यांत. अशा ठिकाणी २००१ मध्ये आंद्रे अगासी कॉलेज प्रिपरेटरी अकादमी सुरू झाली.

ही चार्टर शाळा. म्हणजे पैसा सरकारी, फी नाही, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे. आपल्या अनुदानित शाळेला जवळची, पण नियमांतून जास्त मोकळीक असलेली. सुरुवात तिसरी, चौथी, पाचवीपासून. मग पोरं वर सरकत गेली तशी शाळा वर वाढत गेली. दिवस नेहमीच्या शाळांपेक्षा लांब, गणवेश सक्तीचा. नावातच कॉलेज, म्हणजे दारातून आत येणाऱ्या तिसरीतल्या पोराला पहिल्या दिवसापासून सांगितलं जायचं की तू कॉलेजला जाणार आहेस. शिक्षिका म्हणून मला याचं मोल कळतं. आमच्या वर्गात कित्येक मुलींना कॉलेज हा शब्द आपल्यासाठी आहे हे दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा ठाऊक नसायचं.

एव्हाना अगासी एकतीस वर्षांचा होता. त्या वयात बहुतेक टेनिसपटू निवृत्तीच्या तयारीत असत. तो थांबला नाही. शाळेसाठी पैसा उभा करायचा तर आपण खेळत राहायला हवं, हे त्याने कारण दिलं, आणि मला ते पटतं, कारण यानंतरचा त्याचा खेळ बघायला वेगळाच होता. केस गेलेलं डोकं, साधा पांढरा शर्ट, लहान पावलं टाकत रेषेकडे जाण्याची ती चाल. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात आठवं ग्रँड स्लॅम, त्याच वर्षी तेहतिसाव्या वर्षी पुन्हा पहिला क्रमांक. २००५ च्या अमेरिकन स्पर्धेत जेम्स ब्लेकविरुद्ध दोन सेट मागे पडूनही पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये जिंकला, अंतिम फेरीत रॉजर फेडररकडून हरला. २००६ मध्ये पाठीच्या दुखण्यावर इंजेक्शनं घेत शेवटची स्पर्धा. ३ सप्टेंबरला बेंजामिन बेकरकडून हरून तो निघाला तेव्हा स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मला त्या दिवशी रडू आलं. अण्णा मात्र म्हणाले, शाळा चालू आहे ना त्याची.

शाळा चालू होती, पण सुरळीत नव्हती, आणि चाहती असले तरी ते लपवून वाटचाल लिहिता येणार नाही. मुख्याध्यापक आणि शिक्षक बदलत राहिले. निकाल दरवर्षी सारखे लागले नाहीत. शेवटी शाळा डेमॉक्रसी प्रेप या न्यूयॉर्कहून आलेल्या शाळासंस्थेकडे सोपवायचं ठरलं. २०१७ मध्ये तिचं नाव डेमॉक्रसी प्रेप, अगासी आवार असं झालं. पाटीवरचं नाव मागे गेलं याचं मला वाईट वाटलं. त्याने स्वतः मात्र तोवर वेगळीच वाट धरली होती: एका गुंतवणूकदारासोबत निधी उभारून देशभरातल्या चार्टर शाळांना इमारती बांधून देण्याची. शाळा चालवणं ज्यांना जमतं त्यांनी चालवावी, छप्पर आपण देऊ, असा तो हिशेब. माझ्या नोकरीच्या तीसेक वर्षांत मी दोन वेळा पत्र्याखाली वर्ग घेतले आहेत. त्या हिशेबाला मी नावं ठेवणार नाही.

२००९ मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. त्या वर्षी उन्हाळ्यात शाळेची बारावीची पहिली तुकडी बाहेर पडली, २००१ मध्ये पाचवीत बसलेली तीच पोरं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचं 'ओपन' हे आत्मचरित्र आलं. त्यात त्याने लिहिलं की १९९७ च्या त्या घसरणीत त्याने क्रिस्टल मेथ हे अमली द्रव्य घेतलं होतं, चाचणीत सापडला होता, आणि एटीपी या पुरुष टेनिसपटूंच्या संघटनेला पत्र लिहून खोटं सांगितलं होतं की आपल्या सहाय्यकाचं पेय चुकून प्यायल्याने ते अंगात गेलं. एटीपीने ते खरं मानलं. प्रकरण मिटलं. बारा वर्षं कोणाला कळलं नव्हतं. टेनिसपटू मराट साफिन म्हणाला, जेतेपदं परत द्यावीत. मार्टिना नवरातिलोव्हाला धक्का बसला. मलाही बसला. बारीक टाइपात त्याचं नाव शोधणारी मी, त्या काळात तो हे करत होता. त्याने अंगावर घेतलं ते स्वतःहून, कोणी पकडलं म्हणून नाही, हे खरं आहे. पण खोटं बोलून मिळालेल्या मोकळिकीवरच १९९८ चा चढ आणि पॅरिस उभं आहे, हेही खरंच. यातलं एक वजा करून दुसरं माझ्याजवळ ठेवायची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

पुस्तक मुंबईहून मागवलं होतं. अण्णांची दृष्टी तेव्हा गेली होती, म्हणून रोज संध्याकाळी मी एकेक प्रकरण मराठीत सांगत वाचायची. त्या पानावर आल्यावर मी थांबले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मग सगळं सांगितलं, चाचणी, पत्र, खोटं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हेलसिंकीवाल्याचा पोरगा असा."

थोड्या वेळाने विचारलं, "त्या शाळेतली पहिली पोरं औंदा बाहेर पडली म्हणालीस ना?"

"हो. जूनमध्ये."

"कॉलेजात गेली?"

"गेली."

"मग वाच पुढं."